पेठेचा नवा फळा

वाघजाई पेठेच्या पोर्टलमधून मानसिंग चौगुल्यांना काय काय मिळणार होतं, याचा हिशेब मी त्यांचा चहा निवायच्या आत मांडून मोकळी झाले होते. पेठेतल्या घराघराचा फोन नंबर त्यांच्या हाती येणार होता, आणि महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना नंबर म्हणजे मत. पोर्टलच्या प्रत्येक पानावर त्यांचा फोटो झळकणार होता. शिवाय तालमीच्या दारातला काळा फळा, ज्यावर त्यांचं नाव आजवर एकदाच आणि तेही तुंबलेल्या गटारीच्या संदर्भात आलं होतं, तो कायमचा मुका होणार होता.

"फोटो मोठा पाहिजे," ते म्हणाले. राजारामपुरीतल्या माझ्या दीड खोलीच्या ऑफिसात बसून ते पडद्यावर बोटानं माप दाखवत होते. "हितनं ते हितपर्यंत."

मी समजावून पाहिलं की एवढा फोटो प्रत्येक पानाबरोबर उतरायला लागला तर पान फार जड होईल. ते म्हणाले, "माणूसच जड हाय, फोटो हलका कसा यील?" आणि स्वतःच हसले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सिमेंट-सळईचं दुकान, चौकात नवं कॉम्प्लेक्स उभं राहत असलेलं, चारचौघांच्या अडीअडचणीला धावणारा. फक्त फायदा दिसला की तो त्यांना चेहऱ्यावर लपवता यायचा नाही, आणि माझी नजर पहिल्यापासून तिथंच जाते.

तेव्हा कोल्हापुरात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. मोबाईलवर फक्त बोलायचं, आणि इंटरनेट बघायचं म्हणजे कॅफेत जाऊन बसायचं. एका आख्ख्या पेठेचं स्वतःचं पोर्टल, त्यात सूचना, जाहिराती, हरवलं-सापडलं, दुकानांच्या वेळा, हे सगळं त्या काळी ऐकायलाच भारी वाटायचं. मी तर त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं केलं होतं. मानसिंगरावांच्या अटी दोन होत्या. एक, पेठेतल्या कुणालाही काहीही लिहिता आलं पाहिजे, मध्ये मंजुरी नको, कारण गर्दी दिसली पाहिजे. दुसरी, लिहिलेलं काढून टाकायचा अधिकार त्यांच्या एकट्याकडं. सर्व्हरवरची जागा मात्र त्यांनी सगळ्यात लहान पसंत केली. महिन्याला ठरावीक माहितीच वाहू शकेल, पुढं बंद पडेल, असं मी सांगितलं तर म्हणाले, बघू की तवा.

पेठेची माहिती गोळा करायला मी तिकडं जायला लागले. तालमीसमोर सकाळी स्टुलावर उभं राहून दत्तू पेंटर फळा लिहीत असायचे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला माणूस, आणि अक्षराचा गर्व असा की बायकोच्या अस्थिविसर्जनाची सूचनाही त्यांनी रकार मनासारखा येईना म्हणून दोनदा पुसून लिहिली होती, असं पेठ सांगायची. माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"तुमच्या त्या पोर्टलवर 'ळ' कसा निघतो?" त्यांनी वळूनही न बघता विचारलं.

"टाइप केला की निघतो."

"सगळ्यांचा सारखाच?"

"हो."

"मग वाचायचं कुणी?"

त्या फळ्याची रीत मला त्यांनीच सांगितली. डाव्या बाजूला पाणी कधी येणार, कोण गेलं, कुणाचा मुलगा पास झाला, कुस्त्या कुठं आहेत. उजवी बाजू तक्रारीची. ज्याला ज्याच्याविरुद्ध काही म्हणायचं आहे त्यानं ते दत्तूंच्या कानात सांगायचं. ते त्यांच्या वळणदार अक्षरात फळ्यावर उमटायचं, सांगणाऱ्याचं नाव न घालता. दिवसभर सगळी पेठ वाचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं फळा साफ. आणि एकदा पुसलं की तो विषय संपला. नळावर नाही, लग्नात नाही, भांडणात नाही, कुणी म्हणून पुन्हा काढायचा नाही. काढलाच तर त्याला तालमीत पाणीसुद्धा मिळायचं नाही.

मी विचारलं, तक्रार खोटी असली तर?

"खरी असू दे न्हाई तर खोटी. एक दिवस."

मी अभिमानानं सांगितलं की आमच्याकडं एक अक्षरसुद्धा वाया जात नाही, लिहिलेलं कायम राहतं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"कायम? मग माणसांनी ऱ्हायाचं कुठं?"

म्हाताऱ्याला पोटदुखी झाली आहे, अशी नोंद मी मनात करून टाकली.

तालमीच्या बरोबर समोर, मानसिंगरावांच्या नव्या कॉम्प्लेक्सला चिकटून, लीलाक्का तोडकरांचं मिरची कांडप होतं. पत्र्याची शेड, आत दणादण आपटणारं यंत्र, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला फुकटच्या शिंका. शिमग्यापासून वळवाच्या पावसापर्यंत कोल्हापुरातल्या घराघरात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. तेवढ्या हंगामावर लीलाक्का वर्ष काढायच्या. बायका भाजलेल्या मिरचीची पिशवी घेऊन यायच्या आणि नाकाला पदर लावून यंत्राजवळच्या बाकावर बसून राहायच्या, नजर आपल्या मिरचीवर. आपली ब्याडगी जाऊन दुसऱ्याची हलकी मिरची पदरात पडू नये म्हणून. चोरीचा आळ आमच्या गावात माणूस एक वेळ सोसेल, पण मिरची बदलल्याचा नाही.

लीलाक्कांच्या पापण्यासुद्धा तांबूस झालेल्या होत्या. पन्नाशीची विधवा बाई, बोलणं कमी. मानसिंगरावांना कॉम्प्लेक्सच्या तोंडाशी नेमकी तीच जागा पाहिजे होती, आणि ते दरवर्षी विचारायला यायचे, हे त्यांनीच मला सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, हंगाम बघून सांगतो. हंगाम लागला तर जागा ऱ्हाती. न्हाई लागला तर कशावर ऱ्हायाची?"

पोर्टलवर कांडपाची वेळ येईल का, असं त्यांनी विचारलं. दुकानांच्या पानावर मी पहिली नोंद त्यांचीच केली.

पाडव्याला उद्घाटन झालं. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, मागं मोठा फलक, 'वाघजाई पेठेचा नवा फळा'. मानसिंगरावांनी खांद्यावरची शाल कीबोर्डवर पांघरली आणि शालीखाली हात घालून लिहिलेलं काढून टाकायचा पासवर्ड बदलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तू पेंटर आले होते, त्यांनी पेढा घेतला आणि हाराला मान तुकवून निघून गेले.

पहिले काही दिवस पोर्टलवर शुभेच्छाच शुभेच्छा. मग एका सकाळी मी ऑफिस उघडून पान बघितलं तर सगळ्यात वर हे होतं:

'तोडकर कांडपात मिरची बदलली जाते. ब्याडगी देऊन घरी कोंडा आला. पेठेतील भगिनींनी सावध राहावे. — एक नागरिक.'

नाव नव्हतं, पण दुपारपर्यंत पेठेला लिहिणारं कोण ते कळलं होतं. 'भगिनींनी' असा शब्द आख्ख्या पेठेत एकच बाई वापरायच्या. महापालिकेच्या शाळेत हयातभर शिकवून निवृत्त झालेल्या सरनोबत बाई. निम्मी पेठ त्यांच्या हातची छडी खाल्लेली. आदल्या दिवशी पेन्शनच्या कामाला जायचं म्हणून बाई मिरचीची पिशवी कांडपात विश्वासानं ठेवून गेल्या होत्या. बाकावर बसल्या नाहीत, नजर ठेवली नाही. घरी आल्यावर डबा उघडला आणि रागानं बेंगलोरच्या मुलाला फोन केला. बाईंनी फोनवर सांगितलं ते त्यानं तिथूनच लिहून टाकलं.

मी दुसऱ्या दिवशी पेठेत गेले तर यंत्र बंद होतं. बाक रिकामा. बायका डोक्यावर पिशव्या घेऊन शेडसमोरून पलीकडच्या पेठेच्या कांडपाकडं चालल्या होत्या, आणि समोरून जाताना पावलं थोडी घाईनं पडत होती. लीलाक्का झाडलेलीच जमीन पुन्हा झाडत होत्या. खरं-खोटं याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आज पुसत्यात काय गं त्ये?"

बघते म्हणून मी निघाले. पण त्या दिवशी ते पुसलं गेलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. पोर्टलवर नवीन कुणी काही लिहीत नव्हतं, त्यामुळे ते वाक्य सगळ्यात वर बसून राहिलं, मानसिंगरावांच्या फोटोच्या बरोबर खाली.

मग एका टळटळीत दुपारी सरनोबत बाई रिक्षानं राजारामपुरीला आल्या. छत्री मिटवून दाराशी उभी केली, आणि खुर्ची पुढं सरकवून मी बसा म्हणायच्या आत बसल्या.

"हेमांगी, तू वेळेवर का पुसलं नाहीस?"

त्या आवाजाला मी उठून उभी राहिले. त्यांची मी विद्यार्थिनीसुद्धा नव्हते. मी म्हटलं, बाई, ते पुसायचं नसतं, ते राहतंच. त्यांना हे कळेना. हाच नवा फळा म्हणून मानसिंगनं पाटी लावली होती की नाही? मग फळ्याची रीत नको का पाळायला? त्या रोज सकाळी शेजारच्या मुलीला ते गेलं का बघायला सांगत होत्या, आणि ती रोज नाही म्हणत होती.

मी विचारलं, तुम्ही लिहिलं ते खोटं होतं का?

बाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढून झाकण उघडलं. आत चटणी होती. तांबडी म्हणायची ती फक्त शेजारधर्मानं. बोटाला लावून जिभेवर ठेवली तर आधी मीठ लागलं, मग कोंडा.

"खोटं कशाला बोलीन?" त्या म्हणाल्या. "पण ते त्या दिवसाचं खरं होतं. दिवस संपला."

मी सुचवलं की तुम्हीच खाली लिहा, गैरसमज झाला होता म्हणून. बाईंनी माझ्याकडं वर्गातल्या ढ मुलीकडं बघावं तसं बघितलं.

"झालेला नसताना लिहू? आणि लिहिलं तरी तेही त्याच्या शेजारी बसून राहणार. एकाचे दोन होतील." मग डबीचं झाकण लावता लावता आवाज खाली आला. "तिचा हंगाम चाललाय गं. मला एक दिवस रागवायचं होतं. वर्षभर नव्हतं रागवायचं."

आम्ही दोघी त्याच रिक्षानं मानसिंगरावांच्या दुकानात गेलो. बाईंना बघून ते गल्ल्यावरून उठले, वाकून पाया पडले, उसाचा रस मागवला. पुसून टाका म्हटल्यावर ते फार विनयानं म्हणाले की लोकांचं मत आहे, आपण कोण पुसणार. मग थोडं थांबून म्हणाले, "असं करू. ज्यानं लिवलंय त्यानं आपल्या नावानं येऊन सांगावं. लगेच काढतो."

बाईंनी रसाचा पेला तसाच खाली ठेवला. उजव्या बाजूला लिहिणारा नाव सांगत नाही. कधीच नाही. ते मोडलं तर फळाच मोडला, हे बाईंना माहीत होतं आणि त्यांचे विद्यार्थी असलेल्या मानसिंगरावांनाही माहीत होतं. बोलताना त्यांची नजर एकदाच काचेतून बाहेर गेली, रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडवर. मी ती नजर टिपली. पहिल्या भेटीतल्या माझ्या हिशेबात ही रक्कम धरायची राहून गेली होती.

"मानसिंग, फळा पुसायला तुला मी शिकवलं होतं," बाई उठताना म्हणाल्या.

"शिकवलं की बाई. पर आता त्यो फळाच न्हाई."

बाहेर पडून बाई घरी गेल्या. मी तालमीच्या पायरीवर बसले, कारण कुठं जावं ते सुचेना. दत्तू पेंटर स्टुलावर बसून खडू टोकदार करत होते. आम्हा दोघींना दुकानात जाताना आणि येताना त्यांनी बघितलं होतं, त्यामुळे काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"नवीन लिवलं की जुनं कुठं जातंय?"

"खाली सरकतं."

"आणि खालचं?"

"दहा झाले की मागच्या पानावर जातं. मग त्याच्या मागच्या."

"मागलं पान कोण बघतंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगत होते.

त्यांनी खडूवर फुंकर घातली. "म्हंजे पुसता येत न्हाई. पर गाडता येतंय." मग विचारलं, "लिवायला परवानगी कुणाची लागती?"

मी म्हटलं, कुणाचीच नाही, मानसिंगरावांनीच सांगितलं होतं की मध्ये मंजुरी नको, गर्दी दिसली पाहिजे. दत्तू पेंटर हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी बघितलं, आणि मला वाटतं पेठेनंही फार वेळा बघितलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर डाव्या बाजूला, सणाला लिहितात तशा नक्षीदार अक्षरात आलं: 'येत्या रविवारी प्रत्येक घराने मानसिंगरावांच्या पोर्टलवर काहीतरी लिहावे. पेठेची शान.' उजवी बाजू कोरी होती. पेठेनं डावी बाजू वाचली आणि उजवी समजून घेतली. मानसिंगरावांनी फक्त डावी वाचली. दत्तू पेंटर शेवटी वळणावर आला, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं, आणि रविवारी पेठेतल्या इंटरनेट कॅफेच्या दारात स्वखर्चानं मांडव घालून चहा ठेवला.

त्या रविवारी मी मदतीला म्हणून सकाळीच कॅफेत जाऊन बसले होते. मनात धरून चालले होते की पाचपंचवीस लोक येतील, उत्साही तरुण असतील, जेवणाच्या वेळेला पांगतील. धंद्याचा अनुभव तोच सांगत होता. दहाच्या सुमारास मी मान वर केली तर रांग कॅफेच्या दारातून मांडवात, मांडवातून तालमीपर्यंत आणि तिथून वळून देवळाकडं गेली होती.

हिंदुराव पैलवान पहिले. त्यांचं एक बोट तीन कळा दाबायचं. मोठ्या कष्टानं त्यांनी 'राम राम' लिहिलं, पडद्याला नमस्कार केला, उठले, आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले. त्यांच्यामागं एक बाई, त्यांनी लिहिलं की गेल्या पावसाळ्यात माझी निळी छत्री कुणीतरी नेली आहे, घाई नाही. कुणी लिहिलं, आज आमच्याकडं मेथी. कुणी कळवलं की देवळापाशी चप्पल सापडली आहे, डावी. पाटलांच्या दोन जावा, ज्या वाटणीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसल्या. एक सांगत होती, दुसरी कळ शोधत होती, आणि दोघीही बोलत होत्या त्या माझ्याशी. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, आता स्वतः आजोबा झालेला, एकोणतीसचा पाढा लिहायला घेतला, प्रत्येक ओळ वेगळी नोंद. एकोणतीस सक्काला तो अडला, तर मागच्या रांगेनं त्याला पुढं ढकललं.

पहिल्यांदा मला हसू येत होतं. नंतर कधी ते गेलं ते कळलं नाही.

कारण मी आतल्या बाजूच्या कॉम्प्युटरवर ते वाक्य बघत होते. ते दुसऱ्या पानावर गेलं. जेवायच्या वेळेपर्यंत ते शोधायला मलाच वेळ लागायला लागला. कुणी सूचना देत नव्हतं, कुणी कुजबुजत नव्हतं. कशासाठी आलो हे एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. जेवायला जाणारे ताट सोडून परत आल्यासारखे परत येत होते. बेंगलोरचा रणजित सरनोबत तिकडून लिहीत होता, तिकडं ऊन किती आहे ते तासातासाला. एका गृहस्थांनी तांबड्या रश्श्याची कृती लिहिली. मी ती वाचत गेले, मटण, खोबरं, तीळ, आलं, लसूण, आणि पुढं 'बाकी नेहमीप्रमाणे'.

तिथं मी थबकले. मी पहिल्या पानापासून उलटं वाचत गेले. एवढ्या सगळ्या लिखाणात 'मिरची' हा शब्द कुठंही नव्हता. कोल्हापुरात. चटणीच्या हंगामात. कांडप नव्हतं, चटणी नव्हती, तोडकर हे आडनाव नव्हतं. आख्खी पेठ एका बाईसाठी दिवसभर लिहीत होती आणि त्या बाईचा उल्लेख टाळून लिहीत होती. मी पोर्टलं बनवायची, लोकांना जोडायच्या गप्पा मारायची, आणि माणसं जोडलेली असतात म्हणजे कशी असतात हे त्या दिवसापर्यंत मी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं.

ऊन कलल्यावर सरनोबत बाई आल्या. रांग आपोआप बाजूला झाली. बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि एका बोटानं, प्रत्येक अक्षर तपासत, तीनच शब्द लिहिले: 'आज वार रविवार.' शाळेत कोऱ्या फळ्यावर सकाळी पहिल्यांदा लिहितात तसे. मग उठल्या आणि गेल्या.

तेवढ्यात मानसिंगराव आले. बरोबर कुठल्याशा सायंदैनिकाचा वार्ताहर होता. गर्दी बघून त्यांचा चेहरा उजळला होता. एवढी गर्दी त्यांच्या लग्नालाही झाली नसेल. "उघडा, उघडा, ह्यांना दाखवा," ते म्हणाले. मी पान उघडलं. पान उघडलं नाही. पुन्हा दाबलं. पांढराशुभ्र पडदा आला आणि वरच्या कोपऱ्यात होस्टिंग कंपनीची एक ओळ: या महिन्याची मर्यादा संपली आहे.

असं कसं झालं, त्यांनी विचारलं. खरं ते सांगणं भाग होतं. लोकांचं लिखाण काहीच नव्हतं, ओळी दोन ओळी. पण प्रत्येक माणसानं प्रत्येक वेळी पान उघडलं की त्याबरोबर त्यांचा फोटो उतरत होता, त्यांनी बोटानं माप दिलं होतं तेवढा. सकाळपासून पेठेत त्यांचा चेहरा हजारो वेळा वाहून आला होता.

वार्ताहरानं चहाचा कप खाली ठेवला. मानसिंगराव पांढऱ्या पडद्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं कुठल्या क्षणी उमगलं ते मला दिसलं, कारण त्यांना लपवता यायचं नाही हे मी सांगितलंच. त्यांनी वळून रांगेकडं बघितलं. रांग त्यांच्याकडं बघत होती, शांतपणे, हातात त्यांचाच चहा घेऊन.

मागून दत्तू पेंटर पुढं आले, पडद्यापाशी वाकून बारकाईनं बघितलं आणि एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तशी दाद दिली.

"लई स्वच्छ पुसलंय वो."

सोमवारी सकाळी कांडपाचं यंत्र दणादणा सुरू झालं. मी मुद्दाम बघायला गेले होते. बाक भरलेला होता. बायका नाकाला पदर लावून आपापल्या मिरचीवर नजर ठेवून बसल्या होत्या, पलीकडच्या पेठेत पिशव्या नेलेल्यासुद्धा. लीलाक्का घामाघूम. मला बघून त्यांनी मान हलवली, ती नमस्काराची होती की बाजूला सर म्हणून, ते यंत्राच्या आवाजात कळलं नाही. मी शिंकत परत आले.

पुढच्या महिन्यात पोर्टल पुन्हा उघडलं. त्यावर नंतर कुणी काही लिहिलंच नाही. मर्यादा संपण्याआधी चढलेली शेवटची नोंद बाईंचीच होती, त्यामुळे भाडं संपेपर्यंत पहिल्या ओळीत 'आज वार रविवार' राहिलं, मंगळवारीही आणि शुक्रवारीही. ते जुनं वाक्य मी एकदा शोधून काढलं. पानांमागून पानं उलटल्यावर सापडलं, होतं तिथंच होतं, आणि ते वाचणारी मी एकटीच होते.

सरनोबत बाईंनी मला जेवायला बोलावलं ते दसऱ्यानंतर. पाटावर ताट होतं, भाकरी, मटण, आणि वाटीत तांबडा रस्सा. तो गुलाबी होता. बाईंचे यजमान भाकरी कुस्करत होते. त्यांनी वाटीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि वाटी ताटात उपडी केली. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं की बाई, दुसरी चटणी करून का नाही घेतली, मिरची काय बाजारात मिळते.

"दुसरी कांडायला नेली तर लोक विचारणार, पहिलीचं काय झालं," बाई म्हणाल्या. "विषय निघेल ना."

त्या दिवशी घरी येताना मी शेवटचा हिशेब घातला. मानसिंगरावांनी मांडव, चहा आणि पोर्टलचं भाडं भरलं, कोपऱ्याची जागा त्यांना मिळाली नाही. निवडून मात्र आले, फोन नंबर त्यांच्याकडं होतेच. लीलाक्कांनी हंगामातले थोडे दिवस भरले, बाकी हंगाम राखला. पेठेनं एक रविवार भरला. उरली ती खरं बोलल्याची किंमत. ती सरनोबतांचं घर एकट्यानं भरणार होतं, वर्षभर, दोन्ही वेळेला, डबा संपेपर्यंत, कुणाला कळू न देता.

जेवताना बाईंनी एकदा विचारलं होतं, "तिखट झालाय का गं?"

मी पाण्याचा तांब्या ओढून घेतला होता आणि सोसत नाही म्हटलं होतं. माझ्या वाट्याचं मी तेवढंच भरलं.